कंपनीचं ॲप कंपनीच्या फोनवर: पहिलं इन्स्टॉल सोपं, कस लागतो दुसऱ्या आवृत्तीला

‘नवीन एपीके टाकलंय. सगळ्यांनी जुनं काढून हे टाका. जुनं उद्यापासून बंद.’ एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲप इन्स्टॉल करायची फाइल. व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मेसेज पडला की आयटीवाल्याचे पुढचे दोन दिवस गेलेच म्हणून समजा. निम्मे लोक मेसेज बघतच नाहीत. काहींना ‘अनोळखी ॲप’ची परवानगी कुठे द्यायची ते सापडत नाही. एखादा आज्ञाधारक माणूस सांगितल्याप्रमाणे जुनं ॲप काढतो आणि सर्व्हरवर न गेलेल्या त्याच्या दिवसभराच्या ऑर्डरी त्याबरोबर कायमच्या जातात. महिन्याभरानं कुणाकडे कोणती आवृत्ती आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

हा लेख अशा कंपन्यांसाठी आहे ज्यांचं ॲप स्वतःचं आहे आणि फोनही स्वतःचे आहेत. चाकण-रांजणगावकडच्या कारखान्यात शॉप फ्लोअरवर लावलेले टॅब असोत किंवा जिल्ह्याजिल्ह्यांत फिरणाऱ्या सेल्सच्या माणसांचे हँडसेट असोत. आपल्याकडे असे बहुतेक फोन अँड्रॉइड असतात म्हणून भर त्यावर आहे. आयपॅडचं शेवटाकडे. प्रत्येक निर्णय घेताना एकच प्रश्न विचारायचा: उद्या दुसरी आवृत्ती आली तर कुणाचाही फोन हातात न घेता ती पोहोचेल का?

आधी फोन कोणत्या पद्धतीनं चालवायचा ते ठरवा

फोन लांबून सांभाळायला एमडीएम लागतं, म्हणजे सगळ्या फोनांचे नियम आणि ॲप्स एका जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर. ऑफिसात मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर आधी लायसन्स तपासा, काही प्लॅनमध्ये इंट्यून हे मायक्रोसॉफ्टचं एमडीएम आलेलं असतं आणि कुणी ते उघडूनही बघितलेलं नसतं. त्याशिवाय पुण्याचं स्केलफ्युजन, झोहोचं मॅनेजइंजिन, हेक्सनोड असे पर्याय आहेत. अँड्रॉइडसाठी ही सगळी आतून गूगलचीच अँड्रॉइड एंटरप्राइझ ही यंत्रणा वापरतात, त्यामुळे मेन्यूंची नावं सोडली तर पुढच्या पायऱ्या सगळीकडे त्याच.

पद्धती चार. फोन पूर्णपणे कंपनीच्या ताब्यात, म्हणजे फुली मॅनेज्ड. एकाच कामाला जुंपलेला टॅब, म्हणजे डेडिकेटेड किंवा किऑस्क. कंपनीच्याच फोनवर वेगळा वर्क प्रोफाइल, म्हणजे कामाची ॲप्स आणि डेटा खासगीपासून अलग ठेवणारा कप्पा. आणि कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर वर्क प्रोफाइल. माझं मत सरळ आहे: फिल्डवरच्या फोनला पहिली, यंत्राशेजारच्या टॅबला दुसरी. तिसरी दिसायला छान आहे, पण खासगी वापराला कंपनीची लेखी परवानगी असेल तरच तिच्या वाटेला जा. अँड्रॉइड १२ पासून वर्क प्रोफाइलमध्ये कॅमेरा, माइक आणि लोकेशनची परवानगी ॲडमिनला परस्पर देता येत नाही, वापरणाऱ्यानं ‘अलाऊ’ दाबावंच लागतं. भेटीचा फोटो आणि लोकेशन यांवरच ज्याचं काम चालतं अशा ॲपला हे जड जातं.

फुली मॅनेज्ड फोनमध्ये कंपनीला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे फोन देतानाच मराठीत एका कागदावर लिहून सही घ्या. लोकेशन घेत असाल तर ड्युटीच्या वेळेपुरतंच घ्या आणि तसं लिहा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आल्यापासून ही गोष्ट सौजन्यापुरती राहिलेली नाही.

खाती कंपनीच्या नावावर

एमडीएम पहिल्यांदा मॅनेज्ड गूगल प्लेशी, म्हणजे प्ले स्टोअरच्या कंपन्यांसाठीच्या रूपाशी, जोडताना एक गूगल खातं मागतं. ऑफिसात त्या क्षणी जो बसलेला असतो तो आपलं जीमेल टाकून मोकळा होतो. दोन वर्षांनी तो नोकरी सोडतो, पासवर्ड कुणाकडे नसतो, आणि मग कुणीतरी सुचवतं, ‘जोडणी तोडून नव्यानं करू.’ हे अजिबात करू नका. नव्या जोडणीत संस्थेचा ओळख क्रमांक नवा मिळतो आणि तुमचं प्रायव्हेट ॲप, म्हणजे फक्त तुमच्या संस्थेला दिसणारं ॲप, जुन्या क्रमांकालाच बांधलेलं राहतं. तेच पॅकेज नाव (ॲपची आतली एकमेव ओळख) घेऊन ॲप पुन्हा चढवायला गेलात तर गूगल नाकारतं, कारण ते नाव आधीच वापरलेलं असतं. म्हणून कंपनीच्या डोमेनवरचा, एका माणसाचा नसलेला ईमेल घ्या. दुहेरी पडताळणीचा मोबाइल क्रमांकही कंपनीच्या सिमचा हवा, आणि दुसरा ॲडमिन पहिल्याच दिवशी नेमून ठेवा.

ॲप बाहेरच्या व्हेंडरनं बनवलं असेल तर आणखी एक गोष्ट. अँड्रॉइडचं प्रत्येक ॲप एका साइनिंग कीनं शिक्कामोर्तब होतं. ती की ज्या फाइलमध्ये असते ते कीस्टोअर आणि त्याचे पासवर्ड बऱ्याचदा व्हेंडरच्या एखाद्या डेव्हलपरच्या लॅपटॉपवर असतात. दुसरी आवृत्ती वेगळ्या कीनं साइन झाली तर फोन तिला अपडेट मानतच नाही, इन्स्टॉल नाकारतो. शेवटचं बिल पास करण्याआधी कीस्टोअर, पासवर्ड आणि सोर्स कोड ताब्यात घ्या, आणि त्याच कीनं स्वतः एकदा बिल्ड करून, म्हणजे कोडपासून ॲपची फाइल बनवून बघा. फाइल मिळाली पण पासवर्ड चुकीचा, असंही होतं.

खरेदीची ऑर्डर काढण्याआधी

फोन एमडीएममध्ये नोंदवण्याची सगळ्यात चांगली पद्धत झीरो-टच. फोन खोक्यातून काढून नेटला जोडला की तो स्वतःच विचारतो, आपला मालक कोण, आणि सेटअप थेट कंपनीच्या नियमांवर जातो. फॅक्टरी रीसेट मारला तरी परत तिथेच येतो. पण यासाठी गूगलच्या अधिकृत रीसेलरनं आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र क्रमांक, नोंदवावे लागतात. ऑनलाइन सेलमध्ये स्वस्त पडले म्हणून घेतलेले फोन त्यात घालता येत नाहीत. सॅमसंगचे फोन असतील तर नॉक्स मोबाइल एनरोलमेंट हीच सोय देतं, आणि तेही फुकट. दोन्हींसाठी खरेदीच्या ऑर्डरमध्ये एक ओळ घाला: ‘डिलिव्हरीपूर्वी सर्व आयएमईआय आमच्या खात्यात नोंदवून देणे.’ फोन आल्यावर मागे लागून हे काम होत नाही.

फार स्वस्त टॅब घेताना प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’खाली प्ले प्रोटेक्ट प्रमाणपत्र आहे का ते बघा. ते नसेल तर पुढचं काहीच चालणार नाही.

फोन आधीच घेतलेले असतील तर क्यूआर कोडचा मार्ग आहे. फोन फॅक्टरी रीसेट करायचा. स्वागताच्या पडद्यावर मोकळ्या जागी, एकाच ठिकाणी सहा वेळा टॅप करायचं. स्कॅनर उघडतो, एमडीएममधला क्यूआर त्याला दाखवायचा. पुढचं तो विचारत जातो. रीसेटमध्ये सगळं पुसलं जातं, म्हणून त्याआधी जुन्या ॲपमध्ये न पाठवलेल्या नोंदी शून्य आहेत हे प्रत्येक फोनवर डोळ्यांनी बघा. लोकांच्या तोंडी ‘सगळं सिंक झालंय’वर विसंबू नका, त्यांच्या मते फोन चालू आहे म्हणजे सिंक झालंय.

नोंदणीनंतर पहिला धक्का बसतो तो गायब झालेल्या गोष्टींचा. फुली मॅनेज्ड सेटअपमध्ये फोनबरोबर आलेली बरीच ॲप्स बंद होतात. काही मॉडेलवर कॅमेरा, गॅलरी, कॅल्क्युलेटरसुद्धा दिसत नाहीत. दुकानदाराची तक्रार शेऱ्यात मराठीत लिहायची आहे आणि देवनागरी कीबोर्डच नाही, हे फोन वाटून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. जीबोर्ड, फोनचा मूळ कॅमेरा, नकाशा, पीडीएफ वाचण्याचं ॲप यांची यादी करून ती मॅनेज्ड प्लेमधून किंवा सिस्टम ॲप म्हणून आधीच चालू करा.

एपीके चढवण्यालायक आहे का?

कितीतरी ॲप्स इथेच अडतात आणि कारणं ठरलेली असतात. पॅकेजचं नाव ‘कॉम डॉट एक्झाम्पल’नं सुरू होत असेल तर गूगल घेत नाही. शिकताना बनवलेला नमुना तसाच पुढे वाढवला की हे नाव राहून जातं. नाव जगभरातल्या सगळ्या प्ले ॲप्समध्ये एकमेव हवं आणि ते नंतर बदलता येत नाही, म्हणून कंपनीच्या वेबसाइटच्या डोमेनवरून ठेवा. त्यात व्हेंडरचं नाव नको. डेव्हलपरच्या चाचणीसाठीची डीबग बिल्ड चालत नाही, वाटपासाठीची रिलीझ बिल्ड हवी. व्हर्जन कोड हा पूर्णांक दर वेळी आधीपेक्षा मोठा हवा.

प्लेवरच्या सार्वजनिक ॲप्सना दरवर्षी नव्या अँड्रॉइडला लक्ष्य करावं लागतं. कायम प्रायव्हेट राहणाऱ्या ॲप्सना त्यातून सूट आहे. ही सूट आहे म्हणून झोपी जाऊ नका. टार्गेट एसडीके (ॲप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलंय तो आकडा) २३ पेक्षा खाली असलेलं ॲप अँड्रॉइड १४ वर इन्स्टॉल होत नाही, अँड्रॉइड १५ वर ही मर्यादा २४ आहे. फोनवर आधीच बसलेल्या ॲपला काही होत नाही, पण बदली म्हणून आलेल्या नव्या फोनवर ते चढत नाही आणि ओरड तिथून सुरू होते.

अजून एक छोटी गोष्ट, पण पुढे फार कामाला येते: आवृत्तीचा आकडा ॲपच्या पहिल्या पडद्यावर खाली ठळक दाखवा. मग फोनवर ‘दादा, खाली कोपऱ्यात कोणता आकडा दिसतोय?’ एवढं विचारलं की अर्धं निदान होतं.

ॲप चढवणं

हा भाग पाच मिनिटांचा आहे. एमडीएमच्या कन्सोलमध्ये मॅनेज्ड गूगल प्ले उघडा. डावीकडे कुलपाच्या चिन्हाचं ‘प्रायव्हेट ॲप्स’ असेल. अधिकचं चिन्ह दाबा, नाव टाका, एपीके निवडा, ‘क्रिएट’ दाबा. पहिल्यांदा एक संपर्क ईमेल विचारतात, तिथे वर ठरवलेलाच द्या. साधारण दहा मिनिटांत ॲप यादीत येतं, न दिसल्यास ‘सिंक’ दाबा. या मार्गानं प्ले कन्सोलची, म्हणजे डेव्हलपर जिथून प्लेवर ॲप टाकतात त्या जागेची, २५ डॉलरची नोंदणीही लागत नाही. मात्र असं चढवलेलं ॲप पुढे सार्वजनिक करता येत नाही. डीलरांनाही हेच ॲप उद्या द्यायचं असा विचार असेल तर प्ले कन्सोलमधून जा आणि तिथे संस्थेचा ओळख क्रमांक देऊन ते आपल्यापुरतं मर्यादित ठेवा.

मग ॲप गटाला नेमायचं. ‘रिक्वायर्ड’ ठेवलं की आपोआप बसतं आणि वापरणाऱ्याला काढता येत नाही. आपल्या कामाच्या ॲपला हेच हवं. ‘अव्हेलेबल’ ठेवलं तर ते फक्त स्टोअरमध्ये दिसतं आणि कुणीच घेत नाही.

इथेच मॅनेज्ड कॉन्फिगरेशनचा, म्हणजे ॲपची सेटिंग्ज एमडीएममधून भरण्याच्या सोयीचा, विचार करा. नाशिकच्या डेपोला एक एपीके, कोल्हापूरला दुसरं, कारण सर्व्हरचा पत्ता आणि शाखेचा कोड आतच लिहिलेला, असा प्रकार चालू असेल तर थांबवा. डेव्हलपरला सांगून सर्व्हरचा पत्ता, शाखा कोड, सिंकची वेळ ही सेटिंग्ज ॲपच्या रिस्ट्रिक्शन्स फाइलमध्ये घालून घ्या. मग एकच एपीके सगळीकडे जातं आणि मूल्यं एमडीएममधून गटागटानं भरता येतात. उद्या सर्व्हर बदलला तरी नवी बिल्ड काढावी लागत नाही. यात पासवर्ड मात्र ठेवू नका.

अपडेट: खरी परीक्षा इथे

नवी एपीके चढवली, कन्सोलमध्ये नवा आकडा दिसतोय, तीन दिवस झाले तरी फिल्डवर जुनीच आवृत्ती. आयटी म्हणतं आम्ही टाकलंय, सेल्स म्हणतं आलंच नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

प्ले स्टोअर एरवी आपोआप अपडेट करतं ते चार अटी एकत्र जुळल्या तरच: फोन वायफायवर आहे, चार्जिंगला लावलेला आहे, कुणी वापरत नाही, आणि ते ॲप समोर उघडं नाही. आता गडचिरोलीत किंवा जतला फिरणाऱ्या माणसाचा फोन बघा. त्याच्याकडे वायफाय नाहीच, सगळं सिमच्या डेटावर. पहिलीच अट कधी पुरी होत नाही. दुसरीकडे शॉप फ्लोअरचा किऑस्क टॅब. तो वायफायवर आहे, चोवीस तास चार्जरवर आहे, पण ॲप कायम समोर उघडं, कारण किऑस्क म्हणजे तेच. तिथे चौथी अट कधी पुरी होत नाही. दोन्हीकडे वर्षभर थांबलात तरी अपडेट येणार नाही.

उपाय एमडीएममधल्या त्या ॲपच्या अपडेट प्राधान्यात आहे. तिथे तीन पर्याय असतात: डीफॉल्ट, पुढे ढकललेलं म्हणजे पोस्टपोन्ड, आणि हाय प्रायॉरिटी. पोस्टपोन्डमध्ये अपडेट जास्तीत जास्त ९० दिवस रोखता येतं, पण स्वतःच्या ॲपला ते क्वचितच लागतं. हाय प्रायॉरिटीत वरच्या अटी गळून पडतात, मोबाइल डेटावरही अपडेट येतं. तुमच्या एका ॲपला हेच लावा. बाकीच्या ॲप्सना लावू नका, नाहीतर सिमचा दिवसाचा डेटा दुपारीच संपेल.

याची किंमतही आहे. ॲप उघडं असलं तरी ते बंद होऊन नवं बसतं. ऑपरेटर नापास मालाची नोंद भरत असताना पडदा एकदम गेला तर तो पुढच्या वेळी नोंद कागदावर करेल. म्हणून अर्धवट भरलेला फॉर्म फोनवर आपोआप जतन होईल असं ॲपमध्येच करून घ्या, आणि एपीके कधी चढवायची याचं भान ठेवा. तीन पाळ्यांच्या कारखान्यात पाळी बदलायच्या सुमाराला, सेल्ससाठी रात्री. महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत तर काहीच नको, तेव्हा सगळ्यांचं टार्गेट गळ्याशी आलेलं असतं.

सगळ्या फोनवर एकदम टाकू नका. मॅनेज्ड प्लेमध्ये प्रायव्हेट ॲपलाही क्लोज्ड टेस्टिंगचा ट्रॅक ठेवता येतो. पहिला गट आयटीच्या चार फोनांचा, पण त्यात प्रत्यक्ष फिल्डवर वापरतात ती मॉडेल्स हवीत. ऑफिसातल्या महागड्या फोनवर सगळंच छान चालतं. दुसरा गट एका डेपोचा, आणि तिथला सुपरवायझर तक्रार करणारा निवडा. गप्प बसणारा माणूस चाचणीला उपयोगाचा नाही. काय तपासायचं? नेट बंद करून नोंदी भरा, मग अपडेट करा, मग नेट चालू करा. नोंदी सर्व्हरवर गेल्या का? बॅटरी वाचवण्याच्या नादात काही फोन मागे चालणारं सिंक मारून टाकतात, तेव्हा फोन रात्रभर खिशात असल्यासारखा पडू द्या आणि सकाळी बघा.

फोन सगळ्या आवृत्त्या क्रमानं घेत नाहीत. रजेवर गेलेल्या माणसाचा फोन चौथीवरून थेट नववीवर उडी मारतो. फोनमधला डेटाबेस ही उडी सहन करतो का हे तपासून घ्या. सर्व्हरनं मागच्या दोन-तीन आवृत्त्यांचं बोलणं समजून घेतलं पाहिजे, आणि त्याहून जुन्यांना ‘अपडेट करा’ असा स्पष्ट पडदा दाखवला पाहिजे. तो पडदा दाखवण्याआधी न गेलेल्या नोंदी स्वीकारण्याची सोय मात्र चालू ठेवा.

नवी आवृत्ती बिघडली तर? अँड्रॉइडवर मागे जाता येत नाही, लहान व्हर्जन कोड फोन घेत नाही. जुनाच सोर्स कोड मोठा व्हर्जन कोड देऊन पुन्हा बिल्ड करायचा आणि तोच सगळ्या फोनांवर पाठवायचा. हे करायला किती वेळ लागतो ते एकदा शांतपणे, बिघाड नसताना करून बघा.

आयपॅड आणि आयफोन

इथे तांत्रिक कटकट कमी आणि कागदपत्रं जास्त. ॲपल बिझनेस मॅनेजरमध्ये, म्हणजे कंपन्यांसाठीच्या ॲपलच्या पोर्टलवर, कंपनी नोंदवायची, त्यासाठी नऊ अंकी डन्स क्रमांक (कंपनीचा व्यावसायिक ओळख क्रमांक) लागतो. उपकरणं ॲपलकडून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून घेतली असतील तर ती तिथे आपोआप येतात. इतर उपकरणं ॲपल कॉन्फिग्युरेटर या ॲपलच्या ॲपनं घालता येतात, पण पहिले ३० दिवस वापरणाऱ्याला त्यातून बाहेर पडायची मुभा असते.

ॲप द्यायचे दोन खरे मार्ग. एक, कस्टम ॲप: वर्षाला ९९ डॉलरचं नेहमीचं डेव्हलपर खातं, ॲप ॲपलच्या तपासणीतून जातं, पण फक्त तुमच्या संस्थेला दिसतं. दोन, एंटरप्राइझ प्रोग्रॅम: वर्षाला २९९ डॉलर, किमान १०० कर्मचारी, तपासणी नाही. ऐकायला दुसरा मोकळा वाटतो. मी पहिलाच घ्या म्हणेन. एंटरप्राइझ मार्गात प्रोव्हिजनिंग प्रोफाइल (ॲप चालू द्यायची ॲपलची परवानगी-फाइल) वर्षभरात संपतं आणि नूतनीकरण विसरलं की ॲप सगळ्या आयपॅडवर एकाच सकाळी उघडेनासं होतं. शिवाय ॲप ज्यानं साइन होतं ते प्रमाणपत्र ॲपलच्या मर्जीवर. जानेवारी २०१९ मध्ये फेसबुकनं या प्रमाणपत्रानं बाहेरच्या लोकांना ॲप वाटल्याचं उघड झालं, ॲपलनं ते रद्द केलं आणि फेसबुकच्या कर्मचाऱ्यांची आयफोनवरची अंतर्गत ॲप्स बंद पडली. पाठोपाठ गूगलवरही तीच पाळी आली.

टेस्टफ्लाइट या ॲपलच्या चाचणीच्या सोयीवर कायमचं काम चालवणारेही असतात. तिथली बिल्ड ९० दिवसांत मरते, चाचणीपुरतंच ते ठीक.

कस्टम ॲपच्या तपासणीत बहुतेकदा एकाच कारणानं अडतं: तपासनीसाला लॉगिन देत नाहीत, किंवा देतात पण सर्व्हर ऑफिसच्या व्हीपीएनमागे असतो. खोटा डेटा भरलेला एक डेमो सर्व्हर बाहेरून उघडेल असा ठेवा.

तीन तारखा कॅलेंडरात घाला, एकाच्या नव्हे, दोघांच्या: पुश प्रमाणपत्र (ज्याच्या जोरावर एमडीएम आयपॅडला आदेश पाठवतं), बिझनेस मॅनेजरचं एमडीएम टोकन, आणि ॲप लायसन्सचं टोकन. तिन्ही दरवर्षी संपतात. यातलं पुश प्रमाणपत्र सगळ्यात घातक. ते ज्या ॲपल खात्यानं काढलं त्याच खात्यानं नूतनीकरण करायचं. घाईत दुसऱ्या खात्यानं नवंच काढलं तर आधीची सगळी आयपॅड एमडीएमशी बोलेनाशी होतात आणि प्रत्येक हातात घेऊन पुन्हा नोंदवावं लागतं.

फोन परत येतो तेव्हा

माणूस सोडून जातो तेव्हा एचआरच्या नो-ड्यूज फॉर्ममध्ये फोनची ओळ असतेच, तिच्याखाली ‘न गेलेल्या नोंदी शून्य’ अशी आणखी एक घाला आणि मगच फोन लांबून वाइप करा, म्हणजे पुसून टाका. हरवलेल्या फोनला आधी लॉक, सिम बंद, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत सापडला नाही तर वाइप. वाइपचा आदेश फोन नेटवर आल्याशिवाय लागू होत नाही, म्हणून सर्व्हरवरून त्या माणसाचं लॉगिनही लगेच तोडा. जुने फोन विकायला काढताना ते एमडीएममधून काढणं पुरेसं नाही. झीरो-टच, नॉक्स किंवा बिझनेस मॅनेजरच्या यादीतूनही आयएमईआय किंवा सीरियल क्रमांक सोडवा, नाहीतर ज्यानं तो सेकंडहँड घेतला त्याला पहिल्याच पडद्यावर तुमच्या कंपनीचं नाव दिसेल आणि तो तुम्हालाच फोन करेल.